राणीचं नाक

“अगं, कागदात काय गुंडाळतेस? बाहुल्या आहेत त्या, भजी नव्हेत!” गोजराक्का सुनेवर करवादल्या. यशवंतपूरच्या नव्या घरी निघालेल्या टेम्पोत शटरवाला टीव्हीसुद्धा चढला होता. राहिल्या होत्या दसऱ्याला मांडायच्या मातीच्या बाहुल्या. सासूकडून हाती आल्यापासून अक्कांनी एकीचंही नाक उडू दिलं नव्हतं. आज मात्र बाहुल्यांतल्या राजाला गुंडाळलेली चिंधी त्यांच्या बोटांतून पुन्हा सुटली. ते न दिसल्यासारखं करत मुलगा छताकडे बघू लागला. “स्वल्प थांबा, अण्णा,” म्हणत सुनेनं टेम्पोवाल्याला कॉफी दिली. कागद सारून तिनं जुनं लुगडं फाडलं, राणीच्या नाकावर कापूस ठेवला, तिला गुंडाळून पेटीतल्या भुशात निजवलं. अक्कांनी पेटी हलवून कान लावला. आत चिडीचूप. त्यांची मान ताठ झाली. “बघ रे, माझ्या सुनेचा हात!” मग राजाला तिच्या ओंजळीत ठेवत म्हणाल्या, “माझे हात थरथरतात आता. हाही तूच बांध.”