जादा पिन

पिन निम्मी कापून झाली तेव्हा रामदासने करवत थांबवली.

आणखी कापली असती तर ट्रॉली जीपपासून रे रोडच्या नाक्यावरच सुटली असती. एवढी ठेवली तर सपाट रस्त्यावर तग धरेल. घाटाचा चढ लागला की नाही धरणार. अठरा वर्षं त्याने मिलमध्ये फिटर म्हणून काढली होती. लोखंड कुठवर सोसतं ते त्याच्या हातांना कळायचं.

कापात त्याने लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासली आणि वरून काळा रंग मारला. फिटरच्या सवयीने एकाच सळईतून त्याने दोन पिना काढल्या होत्या. एक लावायला, एक जादा. आता दोन्ही काळ्याभोर, शेजारी शेजारी वाळत होत्या. त्यालासुद्धा नजरेने फरक कळला नसता.

सुंदरा डबा घेऊन शेडच्या दारात उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. जमिनीवर पडलेल्या लोखंडाच्या भुशाकडे ती बघत होती.

"काय कापत होता?"

"माप जास्त होतं. जेवायला काढ."

तिने डबा उघडला.

संप सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. मिटला असं कुणी म्हणत नव्हतं, चालू आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. रामदास बाबुरावच्या शेडमध्ये मिळेल ते वेल्डिंग करायचा. दीड महिन्यापूर्वी माटुंग्याचे नाबर साहेब जीप घेऊन आले. जीपमागे जोडायची छोटी ट्रॉली हवी होती. रस्ता संपतो तिथेही जाईल अशी. जीपचीच चाकं, धक्के सोसायला कमानीचे जाड पाटे, वर पत्र्याचं छप्पर, आत झोपायला फळी, उशाशी खिडकी.

"डोंगरात मुक्काम करायचा असतो आम्हाला," साहेब म्हणाले होते. "नाव काय तुझं?"

"रामदास."

आडनाव त्यांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. साहेबांनी त्याला ओळखलं नव्हतं. हजारो कामगारांमधला एक फिटर लेबर ऑफिसरला कशाला आठवेल? पण रामदासने त्यांना ओळखलं होतं. संपाच्या पहिल्या वर्षी एका सकाळी, मिलच्या खिडकीतून याच माणसाने गेटवरच्या भाड्याच्या गुंडांना बोट दाखवलं होतं. बोट रामदासच्या भावाकडे, आनंदाकडे होतं. आनंदा सहा दिवस हॉस्पिटलात होता. सातव्या दिवशी गेला.

घरी बुद्धाच्या तसबिरीखाली आनंदाचा फोटो होता. साहेब भेटल्यापासून रामदास त्या फोटोकडे बघत नव्हता.

पिन तुटेल, ट्रॉली दरीत जाईल, साहेब आपली हौस दगडांवर फुटताना बघतील. मनाला त्याने एवढंच सांगितलं होतं. मागून कोणाची गाडी येत असेल, हे मनाला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याने कापलेली पिन ट्रॉलीच्या हुकात बसवली, वर ग्रीस फासलं. चांगली पिन हत्यारांच्या पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराही त्याच्याबरोबर निघाली.

"तू कशाला?"

"बघते की. एवढे दिवस खपलात, तयार झालेली बघू द्या."

शेडवर पोचल्यावर तो चाकं घेऊन नाक्यावर हवा भरायला गेला. परत आला तेव्हा ती पदराने हात पुसत होती.

"छान झालीय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली.

आठ वाजता जीप आली. साहेबांनी ट्रॉलीला दोन फेऱ्या मारल्या, पाटे दाबून पाहिले. रामदासने ट्रॉलीचा हुक जीपला अडकवला. मग जीपचं दार उघडून त्यांनी एका बाईंना दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. बाई पाठीला पट्टा बांधून होत्या. पाऊल टाकताना त्यांचा श्वास अडकत होता.

"हिच्यासाठीच केलीय ट्रॉली," साहेब म्हणाले. "बसवत नाही तिला. तीन वर्षं घराबाहेर पडली नाही."

बाई ट्रॉलीतल्या फळीवर आडव्या झाल्या. खिडकीतून त्यांनी रामदासकडे पाहिलं.

"तुम्ही केलीत? देव तुमचं भलं करो. आता झोपल्या झोपल्या घाट दिसेल मला."

साहेब जीपवर सामान बांधायला वळले.

"साहेब, एक मिनिट. जोडणी परत बघतो."

त्याने गुडघे टेकले. हुकातली पिन काढून त्याने खिशात घातली, पेटीतली जादा पिन घेतली, तेच ग्रीस बोटांनी फासलं आणि हुकात ठोकून बसवली. दोनदा ओढून पाहिली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं. आता काही काळजी नाही."

जीप वळणाआड गेली. खिडकीतून हात हलताना त्याला दिसला. कितीतरी वेळ तो पेटीवर बसून राहिला. मग उठला आणि परळला घरापर्यंत चालत गेला.

सुंदरा मोरीपाशी भांडी घासत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"सुंदरा, मी पाप करणार होतो. पिन कापली होती मी. पण त्या बाईंना मागे झोपलेलं बघितलं आणि नाही जमलं. जीप निघायच्या आधी पिन बदलली." त्याने खिशातली पिन काढली. "ही बघ. तोडूनच टाकतो."

सुंदराच्या हातातलं भांडं मोरीत पडलं.

तो हसला. किती दिवसांनी हसला. पिन त्याने मोरीच्या दगडावर आडवी धरली आणि हातोडा मारला. मग पुन्हा मारला, जोरात. रंगाचा टवका उडाला. खाली लांबी नव्हती. सलग, लकाकतं लोखंड होतं.

"तुम्ही हवा भरायला गेला होता ना," सुंदरा कशीबशी म्हणाली, "तेव्हाच मी पेटीतली चांगली लावून कापलेली पेटीत टाकली होती."