शिष्टाई

"तुझ्या बाबांना सांग, गॅस संपत आलाय. नुसतं पेपरात डोकं घालून बसल्यानं सिलिंडर येत नसतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

चिंगी बाहेरच्या खोलीत गेली. "बाबा, आई विचारतेय, गॅसचा नंबर लावाल का? तुम्हीच लावलेला बरा, म्हणाली."

"तिला सांग, मी कुणाचा नोकर नाही."

चिंगी परत आत आली. "लावतायत म्हणाले."

आईनं परातीतली कणीक मळायला घेतली. संध्याकाळपर्यंत नंबर चिंगीच लावणार होती, नेहमीसारखा.

चिंगीचं एम.ए.चं शेवटचं वर्ष, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. दिवसभर वर्गात देशादेशांचे तह शिकायचे आणि घरी येऊन त्याचं प्रात्यक्षिक करायचं. दादा फोनवर तिला 'राजदूत' म्हणून चिडवायचा. त्याला चिडवायला काय जातंय? तो शिकायला म्हणून परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. मागच्या वर्षी त्यानं तिकडे घर घेतलं. बाबांनी आईला न विचारता त्याला होकार देऊन टाकला, आणि तिथंच ठिणगी पडली. "तुम्हीच घालवलंत माझ्या लेकराला," आई म्हणाली. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांपुरती तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

लोक निरोपाला मीठमिरची लावतात. चिंगी ती धुऊन काढायची. तिच्या शब्दांवर का होईना, घर चाललं होतं. बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण परत लागलेलं दिसायचं, आईच्या गुडघ्याचं मलम संपायच्या आत नवं आलेलं असायचं. हे आपलंच यश, असं समजून चिंगीला जरा बरं वाटायचं.

दोनदा तर समेटही झाला होता. पहिल्या वेळी तिला हुरूप आला आणि तिच्या विभागातून दरवर्षी एकाला परदेशातल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी पाठवत, त्या जागेसाठी तिनं अर्ज करून टाकला. आठवड्याच्या आत पंख्याच्या वेगावरून पुन्हा बिनसलं. दुसरा समेट झाला त्याच सुमारास तिची निवड झाल्याचं कळलं. त्या वेळी पलंगावर टाकलेला ओला टॉवेल निमित्ताला पुरला.

तरीही ती गेली असती. पण गेल्या महिन्यात दुपारी घरी आली तर बाबा तापानं फणफणलेले, एकटे खोलीत पडलेले. कपाळावर ओली पट्टी होती. "माझी मीच ठेवली," म्हणाले. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मला या घरात कोण काय सांगतं?"

त्या दिवशी चिंगीच्या पोटात जी भीती बसली ती निघाली नाही. मी नसेन तेव्हा या दोघांपैकी कुणी पडलं, तर पलीकडच्या खोलीत कळणारसुद्धा नाही. वर्गात तिनं कितीतरी युद्धं अभ्यासली होती. एवढी भीती तिला एकाही युद्धाची वाटली नव्हती.

आज विद्यापीठाला उत्तर द्यायचं होतं. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमच्या खोलीत खुर्च्यांवरही पुस्तकं होती, आणि भिंतीवरच्या जुन्या नकाशात केव्हाच वेगळे झालेले दोन देश अजून एकत्र नांदत होते. चिंगी उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, मी जात नाहीये."

मॅडमनी चष्मा काढला. "आईवडील?"

"हो."

"मध्यस्थाला निघून जाता आलं पाहिजे, चिंगे. ज्याला निघता येत नाही, त्याला आपल्या विषयात ओलीस म्हणतात."

"ते देशांचं झालं, मॅडम. हे माझे आईबाबा आहेत."

"अशी संधी परत यायची नाही. मी तुला खोटं सांगणार नाही."

"माहीत आहे."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फोन उचलला आणि यादीतल्या पुढच्या मुलीला तिची निवड झाल्याचं कळवलं. पलीकडची मुलगी आनंदानं रडत असावी, कारण मॅडम दोनदा "अगं, हो, खरंच" म्हणाल्या. चिंगीनं मान खाली घातली. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि ते सांगायला जगात कुणी नव्हतं. घरी तर नाहीच. तिथं आधीच दोन दुःखं दोन खोल्यांत बसलेली होती.

ग्रंथालयात बसेन, असं ती सकाळी सांगून निघाली होती. पण अक्षर दिसेना, म्हणून ती दुपारीच घरी परतली. ती जिना चढू लागली. वरच्या वळणावर स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडायची. तिथं ती थबकली.

आत आई हसत होती. पदर तोंडाला लावून हसायची तसं, दादा जायच्या आधीचं हसू. आणि बाबा बोलत होते. निरोप नाही, कुणाला सांग नाही, थेट आईशी. शेजारच्या काकांची नक्कल करत होते, आणि मध्येच "अगं, ऐक तर" म्हणत होते.

चिंगीचे डोळे भरून आले. जागा गेली तर गेली. घर तर सांधलं. इतक्या महिन्यांची धावपळ पाण्यात गेली नव्हती. तिनं डोळे पुसले, केस सारखे केले आणि दाराच्या कडीला हात लावला.

"बास झालं आता हसणं, पोर यायची वेळ होईल," आतून आई म्हणाली. "आणि आज तरी तोंड वाकडं करून बसा हो. परवा तुम्ही जरा मऊ बोललात, तर लगेच माळ्यावरची बॅग काढून पुसत बसली होती."