पाण्यातल्या झिणझिण्या

“अहो, या पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात,” अनुराधा हात झटकत म्हणाली. काच पुसायचा स्पंज तिच्या हातातून फरशीवर पडला होता.

शशिकांत लगेच उठला. त्यानं बाही वर केली, कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत घातला आणि चांगला वरखाली फिरवला. काही नाही.

“तुझ्या मनाचे खेळ आहेत,” तो म्हणाला. “अगं, पाण्यात करंट असता तर हे मासे जगले असते का?”

दोन्ही क्लाउनफिश मजेत होते. नारिंगी अंगावरचे पांढरे पट्टे मिरवत ते आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीभोवती फिरत होते. पुरावा बिनतोड होता. तिनं स्पंज उचलला आणि उरलेली काच पुसून टाकली.

शशिकांत राखोलीच्या एका सूत कारखान्यात विजेच्या देखभालीचा प्रमुख होता. माणूस नाशिकचा, नोकरीसाठी सिल्वासात आलेला. त्र्याण्णव साली त्याला घरात समुद्र आणून ठेवायचं वेड लागलं. मुंबईहून माशांची जोडी आली. दमणहून कारखान्याच्या टेम्पोतून कॅन भरभरून समुद्राचं पाणी येऊ लागलं. हवेचा पंप, दिवा, थंडीत पाणी गार पडू नये म्हणून काचेच्या नळीतला हीटर, सगळी जोडणी त्यानं स्वतः केली. या माशांची पिल्लं आपल्या दिवाणखान्यात वाढवून दाखवायची, हा त्याचा ध्यास होता. टाच दुखायची म्हणून घरातही रबरी चप्पल घालून तो टाकीसमोर तासन् तास उभा राहायचा. काच पुसणं आणि सांडलेलं पाणी टिपणं अर्थातच अनुराधाकडे होतं. छंद साहेबांचा आणि फडकं बाईंचं, अशी ती वाटणी होती.

झिणझिण्यांचं तिनं पुन्हा एकदोनदा सांगून पाहिलं. त्यानं ते हसण्यावारी नेलं. एवढंच नाही, तर घरी आलेल्या मंडळींनाही सांगितलं, “आमच्या हिला माशांचा शॉक लागतो.” सगळे खो खो हसले. चहा देता देता अनुराधाही हसली.

माणूस वाईट नव्हता हो. कारखान्यात काळू नावाचा धुळ्याकडचा कामगार एकदा म्हणाला, “साब, मशीनले हात लावला का झटका मारतंय.” शशिकांतनं त्याच क्षणी मशीन बंद केलं आणि वायर शोधून बदलून घेतली. काळूला त्यानं एक प्रश्नसुद्धा उलट विचारला नाही. घरात मात्र त्याला जरा कमी ऐकू यायचं. पुढे अनुराधाची तक्रार आपोआप थांबली, तेव्हा आपल्या समजावण्याचा उपयोग झाला असं त्याला वाटलं.

मग जानेवारीत माशांनी अंडी घातली. कुंडीच्या आतल्या बाजूला नारिंगी ठिपक्यांचा गालिचा पसरला. नर पंखांनी त्यांना सारखा वारा घालत होता. शशिकांतला आभाळ ठेंगणं झालं. पिल्लं बाहेर यायच्या बेताला आली, तसं रविवारी सकाळी त्यानं कुंडी पिल्लांसाठी तयार ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचं ठरवलं. घाईत त्याचा पाय लागून खाऱ्या पाण्याची बादली कलंडली. फरशीभर पाणी झालं. चप्पल सटकायला लागली, म्हणून त्यानं ती काढून बाजूला सारली आणि कुंडीकडे हात घातला.

पुढे काय झालं ते त्याला कळलंच नाही. खांद्यापर्यंत हात कुणीतरी पिरगाळला, दात एकमेकांवर आपटले आणि तो मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

अनुराधा स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं आधी मेन स्विच बंद केला, मग त्याला धरून खुर्चीवर बसवलं. बऱ्याच वेळानं तो भानावर आला. हीटरच्या काचेला गेलेला बारीक तडा आता त्याला लांबूनही दिसत होता. मग त्याची नजर बाजूला पडलेल्या चपलेवर गेली. करंटला जमिनीपर्यंत वाट लागते; मासे जमिनीला टेकलेले नव्हते. रबरावर उभा असलेला तोही टेकलेला नव्हता. या घरात टाकीत हात घालून जमिनीवर उभी राहत होती ती एकटी अनुराधा. अनवाणी.

“तू रोज यात हात घालत होतीस?” त्यानं विचारलं.

“रोजच. काच पुसायची असायची ना.”

“मग सांगायचं का बंद केलंस?”

“तुम्हीच म्हणालात, मनाचं आहे. मग मीच मनाला समजावत राहिले. पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.”

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती साध्या आवाजात बोलत होती, आणि त्यानंच तो हादरला. आपण कारखान्यात असताना ही इथे मरून पडली असती, आणि आपण संध्याकाळी येऊन आधी मासे पाहिले असते, हे त्याला लख्ख कळलं. त्याला रडू आलं.

“अनू,” तो म्हणाला, “आणखी काय काय मला सांगायचं सोडून दिलंस?”

 तिनं त्याचा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेखाली नेऊन दाबला.

“हेही मनाचंच असेल ना हो?” तिनं विचारलं.

त्याच्या बोटांना सुपारीएवढी टणक गाठ लागली.