जड हाडाची माणसं

काटा एकशे तेरावर थांबला. कंपनीच्या डॉक्टरनं तो दोनदा शून्यावर आणून पाहिला, पण आकडा काही हलेना.

"क्रेनच्या खुर्चीची मर्यादा एकशे दहा किलो," डॉक्टर म्हणाला. "तीन महिने देतो. तोवर खाली ऑफिसात बसायचं."

बंदरातल्या सगळ्यांत उंच क्रेनवर ती सात वर्षं बसत होती. कंटेनर असा ठेवायची, जणू अंडं ठेवतेय. तिला खाली बसवणं म्हणजे माशाला काठावर ठेवणं. आणि गंमत अशी, की गेलं वर्षभर ती मोजूनमापून खात होती. सकाळी दोन अंडी, संध्याकाळी सूप. पण भूक काही शमायची नाही, मध्ये मध्ये पावाचे तुकडे तोंडात जायचेच, आणि वजन चढत होतं. इतकी भूक येते कुठून, काही कळेना.

"अगं, आपलं हाडच जड," घरी बाबा म्हणाले. घराच्या तळमजल्यावर त्यांची बेकरी होती आणि गेल्या तीस वर्षांत बाबा स्वतःही पावासारखे फुगत गेले होते. "माझा बाप तसा, मी तसा, तुझी आत्या तशी. खाण तशी माती."

"मी तर नुसत्या वासानं फुगते," असं म्हणत आत्यानं केकचा दुसरा तुकडा उचलला.

आई मात्र वेगळी. ती लग्नात होती तशीच अजून, काडीसारखी. सगळ्यांना वाढलं की "तुम्ही जेवा, मी पाय मोकळे करून येते" म्हणत बाहेर पडायची. बेकरीत तर पाऊलही टाकायची नाही. भट्टीच्या वासानं म्हणे डोकं उठतं. आपल्याला जेवताना पाहणं हिला सोसत नाही, असं लेकीला लहानपणापासून वाटायचं. पण खाण्यावरून आई तिला कधी एका शब्दानं बोलली नव्हती. तेही एक कोडंच.

आठवड्यानं ती आणि आई-बाबा, तिघं मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वजन नुसत्या रक्तानं वाढत नाही, नुसत्या ताटानंही नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही मिळून वाढवतात. काही माणसांत पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. जन्मतःच. त्यात घराखाली बेकरी! तुझं तसं असेल तर उपचार वेगळे करता येतील. तिघांचंही रक्त तपासू या."

बाबांनी लगेच बाही वर केली.

"माझं कशाला?" आई म्हणाली. "जाड तर ह्यांच्याकडचे सगळे."

"तुमचंही लागेल."

"मी नाही देणार."

आईच्या तोंडून इतकं ठाम 'नाही' लेकीनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. रक्त द्यायला कोण घाबरतं? ज्याला काही लपवायचं असतं तोच ना?

घरी आल्यावर तिनं जुने फोटो काढले. बाबांचं नाक, आपलं नाक. बाबांचे कान, आपले कान. कधी जुळायचं, कधी अजिबात नाही. शेवटी तिनं आत्याला गाठलं.

"आत्या, मी ह्या दोघांचीच ना?"

"वेडी की खुळी!" आत्या हसली. पण जरा जास्तच मोठ्यानं हसली, असं तिला वाटलं.

दोन दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती आईसमोर जाऊन उभी राहिली.

"तू रक्त दिलं नाहीस, तर मी काय समजायचं ते समजेन."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं पायात चपला सरकवल्या.

अहवाल यायला महिना लागला. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तीन कागद होते.

"तुझ्यात तो बदल सापडला," त्या म्हणाल्या. "तू हावरी नाहीस. तुला निरोपच पोचत नाही."

तिला एकदम हलकं वाटलं. ती हसून म्हणाली, "बाबांची देणगी!"

"नाही. त्यांच्या रक्तात तो बदल नाही. त्यांचं वजन बेकरीनं दिलंय."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "म्हणजे मग ही..." 

 आई मान खाली घालून पिशवीचा बंद पिळत होती.

"आई, आता तरी खरं सांग. मी कुणाची?"

आईनं मान वर केली. डोळे भरले होते.

"माझी गं. माझ्याकडूनच आलंय ते तुझ्यात," ती म्हणाली. "मला कळायला लागल्यापासून एकदाही माझं पोट भरलेलं नाही."