एक चमचा

ओव्हनमधून भांडं बाहेर आलं आणि घरभर दालचिनीचा वास सुटला. बुद्धप्रियानं ते फडक्यात धरून अलगद ओट्यावर ठेवलं. वरचा थर खरपूस झाला होता. कडेनं सफरचंदाचा रस अजून फसफसत होता.

"याला क्रंबल म्हणतात, काकू. यात अंडं नाही हं," ती म्हणाली. "सफरचंदं, लोणी, कणीक, साखर, एवढंच. इंग्लंडला शिकायला होते, तिथल्या घरमालकीण आजींनी शिकवलं. पुण्यात हा एकटा अर्धं भांडं संपवतो."

दाराला टेकून उभा असलेला पृथ्वीराज हसला.

"अगं, अंडं असतं तरी काय झालं असतं? आम्ही तसलं काही मानत नाही," राजश्रीबाई म्हणाल्या. तिनं काहीच विचारलं नव्हतं.

मोरीत भांडी घासत बसलेल्या मीनाबाईंचा हात क्षणभर थांबला. पोरीचं नाव कानावर पडलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, ही आपल्यातली. दोघं पुण्याला एकाच कंपनीत होती, सुट्टीला आपापल्या घरी सोलापूरला आलेली. दादानं आज तिला आईला भेटवायला आणलं होतं. करंजीच्या पिठाला मोहन चोळावं तसं ती कणकेला लोणी चोळत होती, ते मीनाबाई मघापासून मोरीतूनच बघत होत्या.

"मावशी, या ना, बघा तरी कसा झालाय!" बुद्धप्रियानं हाक मारली.

"हितनं दिसतंय की," मीनाबाई म्हणाल्या. या घरातली भांडी त्यांच्या हातून झिजली होती, पण ओट्यापर्यंत त्या कधी गेल्या नव्हत्या.

बुद्धप्रियानं वाट्या मांडल्या, साय काढली. राजश्रीबाईंनी तिच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला.

"राहू दे गं. संध्याकाळी हे येतील, मग सगळे मिळून खाऊ. किती दमलीस!"

"गरमच छान लागतो, काकू."

"करू की गरम."

मग पोरीला निघावंच लागलं. ती वाकून पाया पडली. राजश्रीबाईंनी दोन पावलं मागं सरत "असू दे, असू दे" म्हटलं. पृथ्वीराज तिला सोडायला खाली गेला.

जिन्यावरचा पायरव थांबेपर्यंत राजश्रीबाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी भांडं झाकलं आणि मोरीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं.

"मीनाबाई, हे तुम्ही न्या घरी."

"समदं? आन् दादाला?"

"आमच्यात कोण खातंय? तुम्हाला चालेल की, तुमच्यातलीच आहे ती. भांडंही ठेवून घ्या." त्या वळल्या, पुन्हा थांबल्या. "आणि जायच्या आधी ओटा दोनदा पुसून घ्या."

मीनाबाईंनी ओटा पुसला. दोनदा पुसला. भांडं पदराखाली धरून त्या मागच्या जिन्यानं उतरल्या. खाली चादरींच्या गोदामाला वळसा घालून फाटकाशी आल्या आणि जागीच थबकल्या. बुद्धप्रिया अजून गेली नव्हती. स्कुटीला टेकून पृथ्वीराजशी बोलत होती, हसत होती.

"मावशी, निघालात?" तिची नजर पदराखालच्या भांड्यावर गेली.

मीनाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "वैनींनी चवीला दिलंय जरासं."

बुद्धप्रियानं पुढं होऊन झाकण उचललं. वरच्या थराला चमचाही लागलेला नव्हता. तिचं हसू गेलं. तिनं पृथ्वीराजकडं पाहिलं.

"आईचा काहीतरी गैरसमज झाला असेल गं," तो घाईघाईनं म्हणाला. "तिला वेळ दे जरा. ती तशी नाहीये."

बुद्धप्रियानं पर्समधल्या डब्यातून चमचा काढला, भांड्यात खुपसला आणि भरून त्याच्यासमोर धरला.

"खा."

"आत्ता?"

"एक चमचा."

पृथ्वीराजनं वर पाहिलं. राजश्रीबाई गॅलरीत उभ्या होत्या, वाळत घातलेला टॉवेल उगाचच झटकत.

"प्लीज, आत्ता नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आई बघतीय."

चमचा तसाच हवेत राहिला.  मग बुद्धप्रियानं तो मीनाबाईंकडं वळवला.

"मावशी, तुम्ही सांगा. नीट झालाय का?"

मीनाबाईंनी गॅलरीकडं पाहिलं. उद्या सकाळी याच घरी यायचं होतं. त्यांनी चमचा घेतला आणि तिथंच, फाटकात उभ्यानं खाल्ला. सफरचंद मऊ होतं, जरा आंबटसर. थर दाताखाली कुरकुरला. 

"लई ग्वाड झालाय गं, बाळा," त्या म्हणाल्या. वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या.

बुद्धप्रियानं मान हलवली. भांड्याचं झाकण नीट बसवलं, पोर घराबाहेर निघाली की तिचे कपडे आई सारखे करते तसं, कडेकडेनं दाबून.

"पृथ्वी," वरून हाक आली, नेहमीच्या आवाजात. "वर ये रे. चहा गार होतोय."

तो क्षणभर घुटमळला. "रात्री फोन करतो," म्हणाला आणि जिन्याकडं वळला.

बुद्धप्रियानं हेल्मेट घातलं. काच खाली ओढली. मग मीनाबाईंना तिचा चेहरा दिसेना, काचेत नुसती गॅलरी दिसत होती.