न चिकटणारी कढई

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि भिकुबाईंचं मांड्यांचं खापर फुटलं. दोन्ही लेकी जावयांना घेऊन जेवायला येणार होत्या, आणि पुरणाचे मांडे नसतील तर ती आखाजी कसली? सून सारिका म्हणाली, "आई, आता रोजच्याही कामाला येईल अशी चांगली वस्तूच घेऊ," आणि सासूला धुळ्याच्या मोठ्या दुकानात घेऊन गेली.

विक्रेत्याने काळ्याभोर कढईच्या आतून मायेने हात फिरवला. "अक्का, हिला जन्मात काही चिकटणार नाही. लेखी गॅरंटी देतो."

दुसऱ्याच दिवशी भिकुबाईंनी कढई काउंटरवर आदळली.

"भाऊ, पहिलाच मांडा चिकटी गया! उद्या पोरी जेवाले येतीन, आते काय करू मी?"

विक्रेत्याने कढई निरखून पाहिली. आत नुसती चुलीची काजळी होती. बाहेर बुडावर मात्र पुरण घट्ट बसलं होतं.

"अक्का, कढई पालथी घातली होती का?"

"मग? मांडा काय कढईना पोटमा भाजतस का?"

सोबत आलेली सारिका छताचा पंखा बघू लागली. विक्रेता मूळचा खानदेशातल्या एरंडोलचा, पालथ्या खापरावर भाजलेले मांडे खाऊन वाढलेला. त्याला हा मुद्दा पटला. त्याने समोरच्या कुंभाराकडून एक खापर मागवलं, भिकुबाईंच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला,



"काय करशी अक्का, कंपनी मुंबईनी शे. तेस्नी लेप उलटी बाजूले लावेल शे."