म्युनिसिपालटीतला मुलगा

फोन लागला आणि पडद्यावर आधी चिखल आला, मग तौहीद. गुडघ्यापर्यंत रुतलेला, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट.

रेवदंड्याला अक्साच्या घरी सगळे फोनवर वाकले. करमअली आणि रेहाना मुरुडहून आपल्या मुलासाठी अक्साला मागणी घालायला आले होते. तौहीद आखातातल्या मोठ्या शहरात म्युनिसिपालटीत कामाला आहे, असं करमअलीने महिनाभर आधीच मोठ्या तोंडाने सांगून ठेवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्युनिसिपालटी म्हटल्यावर खुर्ची, पंखा आणि शिक्का असणारच, असं तो स्वतःच धरून चालला होता.

"सलाम," तौहीद हसत म्हणाला. "सुट्टीच होती आज. पण ओहोटी काय सुट्टी बघून येत न्हाय."

अक्साचे वडील पुढे सरकले. "तिथं नेमकं करतोस काय?"

"तिवरं लावतो, चाचा."

करमअलीने फोन डोळ्यांजवळ नेला. तिवरं! खाडीच्या कडेला न लावता उगवतात, ती चुलीत घालायची खारफुटीची झाडं. जन्मभर त्याने ती कोयत्याने तोडली होती. ती लावायला कुणी विमानाचं तिकीट देतं? आधीच दोन स्थळांनी नकार कळवला होता, आणि हे बेणं खुशाल चिखलात उभं राहून दात काढत होतं.

"इथली म्युनिसिपालटी लाखानं लावते," तौहीद सांगू लागला. "आमाला बसवून शिकवलं. शहराला लाटा लागू नयेत म्हणून. आणि गाड्यांचा धूर असतो ना, तो झाड ओढतं आणि खाली चिखलात पुरून ठेवतं." तो जरा अडखळला. "म्हंजे, सायब तसं सांगतो. मला पण पुरतं कळलं न्हाय. पण एक रोप मोडलं तरी दिवसभर बोलणी खावी लागतात."

"धूर? चिखलात?" अक्साच्या वडिलांनी करमअलीकडे पाहिलं.

"तसंच असंल," करमअली म्हणाला.

"आणि कोळंबीची पिल्लं ह्याच्या मुळांत वाढतात, चाचा. तिवर गेलं की कोळंबी गेली."

अक्साच्या वडिलांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मासळी वाळवायला जागा हवी म्हणून घरामागची तिवरं त्यांनी गेल्याच आठवड्यात तोडली होती. हा पोरगा आपल्याला टोमणा मारतोय की माहिती देतोय, तेच त्यांना कळेना. ते उठले.

"करमअलीभाई, आमी कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे मुरुडपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. रेहानाने सोबत आणलेल्या मिठाईच्या पुड्याकडे पाहिलं. तो राहू द्यावा की उचलावा, तिला समजेना.

तेवढ्यात दाराआडून अक्सा बाहेर आली. "एक मिनिट, चाचा," म्हणत तिने करमअलीच्या हातातला फोन घेतला आणि सरळ मागच्या दारी गेली. सगळे तिच्यामागे. तिने फोन तोडलेल्या बुंध्यांकडे धरला.

"ही आमची," ती म्हणाली. "आता काय करायचं?"

तौहीदने पडद्याजवळ तोंड आणून बुंधे न्याहाळले. अक्साच्या वडिलांनी मान दुसरीकडे वळवली.

"बाजूची उभी हायत ना?" तौहीद म्हणाला. "त्यांच्या खाली बी पडलं असंल. हिरवट, बदामाएवढं. साल सुटलेलं तेवढं घ्या."

अक्साने चपला काढल्या, नव्या सलवारीचे पायचे वर घेतले आणि ती चिखलात उतरली.

"अगं, ए!" रेहानाच्या तोंडून निघून गेलं. मग अजून आपला काही हक्क नाही हे आठवून तिने तोंडावर हात ठेवला.

अक्साने मागे पाहिलंच नाही. एकेक बी फोनसमोर धरून ती विचारत होती, "हे चालंल? आणि हे?"

दोन्ही बाप दारात शेजारी शेजारी उभे होते.

"करमअलीभाई," अक्साचे वडील हळूच म्हणाले, "हे जमलं म्हणायचं की मोडलं?"

"ठाऊक न्हाय," करमअली म्हणाला.

समोर अक्सा ओढणीची झोळी करून तिच्यात बिया टाकत होती.